रॅक रिकामा, गोदाम भरलेलं: सुपरमार्केटमधल्या माणसांचं मन आणि दुकानाचा धंदा

बेळगावच्या रविवार पेठेतल्या जुन्या किराणा दुकानात शेठजी गल्ल्यावर बसलेले असतात. गुमास्ता पोत्यातून तूरडाळ काढतो, तागडीत टाकतो, पुडी बांधतो. शेठजींची नजर एकाच वेळी तागडीवर, गुमास्त्यावर आणि गिऱ्हाइकावर. गुमास्त्याचं कामात लक्ष आहे की नाही हे कळायला तिथं कुठला सर्व्हे लागत नाही. दुपारपर्यंत शेठजींना कळतं, आणि शेठजींना कळलंय हे संध्याकाळपर्यंत गुमास्त्यालाही कळतं.

सुपरमार्केटनं ही नजरच काढून टाकली. 1916 साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकानं टोपली घेऊन स्वतः फिरायचं, हवा तो माल उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, ही पद्धत तिथून पसरली. माल काढून देणारे हात वाचले, भाव उतरले, दुकानं मोठी झाली. पण गिऱ्हाइकाची गाठ आता माणसाऐवजी रॅकशी पडू लागली. रॅकवर जिरे नाहीत म्हणजे दुकानात जिरे नाहीत, असं धरून ते पुढं जातं. मागच्या गोदामात जिऱ्याची दहा खोकी पडलेली असली तरी त्याला ती दिसणार कशी?

म्हणजे सुपरमार्केटात धंदा होतो तो मालकाच्या नजरेआड, महिना ठरावीक पगारावर काम करणाऱ्या मुला-मुलींच्या हातून. त्यांचं मन कामात आहे का, याला व्यवस्थापनवाले 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. त्यानं दुकानाच्या कमाईत खरंच काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमका कुठून, हे बघू. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी अशा सगळीकडे आता छोटी-मोठी मार्ट झाली आहेत. आपल्या घरातलं, भावकीतलं कुणी ना कुणी तिथं कामाला आहे. त्यामुळं हा विषय फक्त मालकांचा राहिलेला नाही.

चार साबणांची गोष्ट

संध्याकाळची सात-साडेसातची वेळ. बिलिंग काउंटरवर रांग. एका बाईंच्या ट्रॉलीत एकाच कंपनीचे चार साबण आहेत: चंदन, लिंबू, गुलाब आणि कडुनिंब. चौघांची एमआरपी एकच. काउंटरवरची मुलगी चंदनाचा साबण मशीनसमोर धरते, 'चार नग' दाबते आणि मोकळी होते. बाईंचं बिल बरोबर. रात्री गल्लाही पैशाला पैसा जुळतो. कुणाचं काही बिघडलं नाही असंच वाटतं.

आता संगणकाच्या बाजूनं बघा. त्याच्या लेखी चंदनाचे चार साबण गेले आणि बाकीचे तिन्ही आहेत तसे आहेत. आठ-पंधरा दिवस हे असंच चाललं की कडुनिंबाचा शेवटचा साबण रॅकवरून जातो, पण संगणक अजून बारा शिल्लक दाखवत असतो. बारा आहेत म्हटल्यावर नवी ऑर्डर जात नाही. चंदन मात्र जोरात खपतंय असं समजून त्याची खोकी येत राहतात. कडुनिंब मागणारं गिऱ्हाईक दोनदा रिकाम्या हाताने जातं, तिसऱ्यांदा गल्लीतल्या दुकानातून घेतं, आणि साबणाबरोबर तेल-साखरही तिथूनच घेतं.

या साखळीत दोन ठिकाणं अशी आहेत की माणसानं मनावर घेतलं तर ती तुटते. एक काउंटरवर: चारही साबण वेगवेगळे स्कॅन करायचे. त्याला चार-पाच सेकंद जास्त लागतात. दुसरं रॅकजवळ: माल लावणाऱ्या पोरानं रिकामी जागा बघून वर सांगायचं. पण त्यानं सांगितल्यावर फ्लोअर मॅनेजर म्हणतो, "सिस्टीमला बारा आहेत म्हणतंय की, बघ तिथंच कुठं तरी असतील." असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो पोरगा काही सांगायच्या भानगडीत पडत नाही. कामातलं मन कमी होतं ते बहुतेक वेळा अशाच बारीकसारीक ठिकाणी. मोठं भांडण लागतंच असं नाही.

हे आपल्याकडचंच रडगाणं आहे असं समजू नका. निकोल डेहोरेशियस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या 37 शाखांतल्या जवळपास 3 लाख 70 हजार स्टॉक-नोंदी तपासल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 65 टक्के नोंदी प्रत्यक्षातल्या मालाशी जुळत नव्हत्या. रॅकवर माल का नसतो, यावर डॅनियल कोर्स्टेन आणि थॉमस ग्रुएन यांनी जगभरातल्या पाहण्या एकत्र करून बघितलं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे कोणत्याही वेळी सरासरी 8.3 टक्के वस्तू रॅकवर नसतात, आणि त्यातली 72 टक्के कारणं दुकानाच्या आतलीच: ऑर्डर चुकली, किंवा माल आत पडून राहिला आणि बाहेर लागलाच नाही. कंपनीनं पुरवला नाही, ट्रक आला नाही, ही कारणं त्यामानानं थोडी.

वेग म्हणजे उत्पादकता नव्हे

कारखान्यात उत्पादकता मोजायला सोपी. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत पाळीला किती कास्टिंग निघाली, त्यातली किती रिजेक्ट झाली, की हिशेब संपला. दुकानात माल तयार होत नाही, त्यामुळं मोजमापं आडवळणाची असतात. एका चौरस फुटामागं वर्षाला किती विक्री, एका माणसाच्या एका तासामागं किती विक्री, माल किती दिवसांत फिरला, खराब-चोरी-तूट किती, आणि काउंटरवर मिनिटाला किती नग स्कॅन झाले. डीमार्ट चालवणाऱ्या कंपनीनं 2023-24 साठी चौरस फुटामागं जवळपास 33 हजार रुपयांची विक्री दाखवली होती. एवढ्याशा जागेतून एवढा धंदा काढायचा तर माल सतत बाहेर लागत राहिला पाहिजे, आणि ते काम कुठलंही यंत्र करत नाही.

यातलं शेवटचं माप, म्हणजे स्कॅनिंगचा वेग, सर्वांत सोपं. म्हणून मालकांचं त्यावर फार प्रेम. यावर एक मजेशीर अभ्यास झाला आहे. अलेक्झांडर मास आणि एनरिको मोरेटी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केट साखळीच्या 6 दुकानांतल्या कॅशियरांची दोन वर्षांची नोंद तपासली. काउंटरवर एखादी झपाट्यानं काम करणारी कॅशियर आली की बाकीच्यांचाही वेग वाढतो, असं त्यांना दिसलं. आसपासच्या सहकाऱ्यांची उत्पादकता 10 टक्क्यांनी जास्त असेल, तर आपला वेग साधारण दीड टक्क्यानं वाढतो. इथवर काही नवल नाही. पण वेग वाढतो तो त्या हुशार कॅशियरच्या पुढं, तिच्याकडं पाठ करून उभ्या असलेल्यांचा. म्हणजे ज्या तिच्या नजरेसमोर असतात त्यांचा. ज्यांना ती दिसते, पण ज्या तिला दिसत नाहीत, त्यांच्यात फरक नाही. तिला बघून स्फूर्ती वगैरे काही येत नाही. ती आपल्याला बघतेय, ही लाज काम करते.

शेठजींच्या नजरेचंच हे धाकटं भावंड. वेग वाढवायला ते पुरतं. पण चार साबण वेगळे स्कॅन करायला ते उपयोगाचं नाही, उलट घातक. मिनिटाचा हिशेब मागितला की मुलगी 'चार नग' दाबणारच. म्हणून कामातलं मन आणि कामाचा वेग या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. ज्या दुकानात काउंटरचा वेग वाढवल्याबद्दल बक्षीस आहे आणि बरोबर स्कॅन करण्याला काहीच किंमत नाही, तिथं मालक स्वतःच आपला स्टॉक बिघडवायचे पैसे देत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मन लागतं कशानं

कामात मन असणं म्हणजे हसतमुखानं 'वेलकम सर' म्हणणं नव्हे. तेवढं तर नोकरी जायच्या भीतीनंही म्हणता येतं. विल्यम कान या अमेरिकन प्राध्यापकांनी 1990 साली यावर जे लिहिलं, ते अजून या विषयाचा पाया समजलं जातं. त्यांनी बघितलं होतं एका उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांकडं आणि एका वास्तुविशारद कंपनीतल्या लोकांकडं. दुकानाचा त्यात संबंध नव्हता, पण त्यांनी सांगितलेल्या तीन अटी दुकानाला चपखल बसतात. माणूस कामात स्वतःला ओततो ते कामाला काही अर्थ वाटला तर, तसं करायला धोका वाटला नाही तर, आणि अंगात व डोक्यात तेवढी ताकद शिल्लक असली तर.

पहिल्या अटीवर शेवटी येऊ. दुसरी अट, धोका नसण्याची, मार्टमध्ये फार मोडली जाते. गल्ल्यात दोनशे रुपये कमी आले की कॅशियरच्या पगारातून कापले, ही तक्रार नवी नाही. एक्स्पायरी झालेला माल रॅकवर सापडला की ज्यानं शोधून दाखवला त्यालाच "तू इतके दिवस काय करत होतास" असं ऐकावं लागतं. मग शहाणा पोरगा काय करतो? जुनं पाकीट मागं सरकवतो. एखाद्या आजीच्या घरात ते उघडलं जातं आणि मग तक्रार थेट मालकाकडं येते. कपातीच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवावं: कामगाराच्या चुकीमुळं झालेलं नुकसान पगारातून कापायचं तर आधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून चालत आलं आहे. परस्पर कापून मोकळं होणं कायद्यातही बसत नाही आणि धंद्यातही.

तिसरी अट पायांशी आणि बसशी निगडित आहे, आणि आपल्या भागात तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

पायांचं आधी. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांना बसायला स्टूल द्यावं की नाही, यावर केरळमध्ये कापड दुकानांतल्या कामगार बायकांनी आंदोलन केलं आणि 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. 2021 मध्ये तमिळनाडूनंही बसायच्या सोयीची तरतूद केली. युरोपातल्या कितीतरी सुपरमार्केटांत कॅशियर बसूनच बिल करतात आणि कुणाला त्यात उर्मटपणा दिसत नाही. आपल्याकडं मात्र गिऱ्हाइकासमोर नोकर बसलेला दिसला की काही जणांचं डोकं फिरतं. आठव्या तासाला पोटऱ्या दुखणाऱ्या मुलीकडून चार साबण वेगळे स्कॅन होतील, ही अपेक्षा ठेवायची आणि स्टूलला नाही म्हणायचं, हे काही जुळत नाही.

आता बस. बेळगावच्या मार्टमधल्या मुली राहतात उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, काकती, कंग्राळीकडं. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळं लांबून कामाला येणं परवडायला लागलं. शिनोळीहून येणाऱ्या मुलीचा पत्ता महाराष्ट्रातला, तिला तिकीट काढावं लागतं; हा सीमाभागाचा खास न्याय. पण तिकीट असो वा नसो, रात्रीची शेवटची बस सगळ्यांना सारखीच गाठायची असते. शटर साडेनऊला पडणार आणि बस पावणेदहाला सुटणार असेल, तर नऊ वाजल्यापासून मुलीचं अर्धं लक्ष घड्याळात असतं. त्यात "उद्या तुझी दुपारची शिफ्ट, आज रात्री थांब" असं ऐन वेळी कळलं की घरी फोन, भावाला गाडी घेऊन बोलावणं, आईची बोलणी, हे सगळं आलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर येते, पण मन लावून काम करायला लागणारी शिल्लक त्या फोनाफोनीत संपलेली असते.

यावर एक नेटका प्रयोग झाला आहे. कपड्यांच्या 'गॅप' या कंपनीच्या सान फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या 28 दुकानांत 2015-16 मध्ये जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन यांनी काही दुकानांतल्या शिफ्टा स्थिर करून बघितल्या. ठरलेल्या वेळा, आठवड्याआठवड्याला फार न हलणारे तास, आणि आपसांत शिफ्ट बदलायची सोय. ज्या दुकानांत हे केलं तिथं विक्री 7 टक्क्यांनी आणि कामाच्या तासामागची उत्पादकता 5 टक्क्यांनी वाढली. कापडाचं दुकान आणि किराणा यांत फरक आहे हे खरं. पण यात पगारवाढ नव्हती, बक्षिसं नव्हती, 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा फोटो नव्हता. वेळापत्रक माणसांसारखं केलं होतं.

कर्नाटकात दुकानांना 1961 चा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा लागू आहे. साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट पगार त्यात आहेच. स्थिर वेळापत्रक त्याच्या पुढची पायरी. गणपती-दिवाळीच्या तोंडावर ती सगळ्यांत आधी मोडते, आणि दुकानाला तिची गरज सगळ्यांत जास्त असते तीही तेव्हाच.

माणसं कमी केली की काय होतं

"हे सगळं ठीक आहे, पण परवडतं का?" हा प्रश्न येणारच. हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, पण किराण्याचा धंदा साधारण अशाच बारीक नफ्यावर चालतो.

समजा दुकानाची रोजची विक्री 2 लाख रुपये. मालाची खरेदी वजा जाता शंभराला 15 रुपये उरतात. कामाला 20 माणसं, रोज सरासरी 500 रुपयांप्रमाणे 10 हजार रुपये, म्हणजे विक्रीच्या 5 टक्के. भाडं, वीज, बाकी खर्च जाऊन शंभराला 3 रुपये नफा, दिवसाला 6 हजार.

मालक म्हणतो, 4 माणसं कमी करू. दिवसाला 2 हजार वाचले. हे लगेच, पहिल्याच महिन्यात, कागदावर दिसतं.

उरलेल्या 16 जणांना आता रॅक पूर्ण लावायला वेळ मिळत नाही. रिकाम्या जागा वाढतात, रांगा लांबतात, आणि समजा विक्री 5 टक्क्यांनी घटते. 10 हजारांची विक्री गेली म्हणजे त्यावरचे दीड हजार गेले. नव्या मालामागं जुना सरकला, भाजी सडली, दह्याच्या कपांची तारीख उलटली, तूट अर्ध्या टक्क्यानं वाढली: आणखी एक हजार. एकूण अडीच हजारांचा खड्डा. 2 हजार वाचवायला अडीच हजार घालवले. पण हे अडीच हजार कुठल्याच वहीत या नावानं लिहिलेले नसतात. 'मार्केट मंद आहे' असं म्हणून ते पचवले जातात.

आकडे थोडे हलवले तर उत्तर उलटंही येईल. विक्री फक्त 2 टक्क्यांनी घटली तर माणसं कमी करणं फायद्याचं ठरतं. म्हणून कर्मचाऱ्यांवर खर्च करा, नफा आपोआप येतो, असं सरसकट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एमआयटीच्या झेनेप टोन यांनी स्पेनमधल्या 'मेर्काडोना' सुपरमार्केटसारख्या दुकानांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की चांगला पगार एकटा काही करत नाही. मालाचे प्रकार आटोक्यात ठेवावे लागतात, कामाच्या पद्धती ठरवून द्याव्या लागतात, एकाच माणसाला काउंटर, रॅक आणि भाजी अशी दोन-तीन कामं शिकवावी लागतात, आणि गर्दीच्या अंदाजापेक्षा एखादा माणूस जास्तच ठेवावा लागतो. हे सगळं एकत्र असेल तर महाग माणूस परवडतो. नाही तर तो फक्त महाग पडतो.

उलटी साक्ष

या विषयावर बोलणारे लोक दोन अभ्यास हमखास सांगतात. एक 'सिअर्स' या अमेरिकी दुकान-साखळीचा. 1998 साली छापून आलेल्या त्यांच्या हिशेबात कर्मचाऱ्यांच्या समाधानात 5 अंकांची वाढ झाली की गिऱ्हाइकांच्या मतात 1.3 अंकांची आणि विक्रीच्या वाढीत अर्ध्या टक्क्याची भर पडते, असं गणित मांडलं होतं. दुसरा गॅलप या संस्थेच्या 12 प्रश्नांचा. आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे माहीत आहे का, कामाला लागणारं साहित्य हाताशी आहे का, गेल्या सात दिवसांत कुणी चांगलं म्हणालं का, असे ते प्रश्न. 2002 साली 36 कंपन्यांच्या जवळपास 8 हजार शाखा-विभागांवर केलेल्या अभ्यासात ज्यांची उत्तरं चांगली, त्यांची उत्पादकता, नफा आणि गिऱ्हाइकांचं समाधानही थोडं बरं निघालं. थोडंच.

सिअर्सचं पुढं काय झालं ते क्वचितच कुणी सांगतं. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. माणसांचं मन मोजायचं सुंदर गणित हाताशी असूनही दुकान बुडू शकतं. माल, जागा आणि भाव चुकले तर कर्मचारी बिचारे काय करणार?

आणि खास सुपरमार्केटवरचा एक अभ्यास तर पार उलटा आहे. रियान सिल्व्हेस्ट्रो आणि स्टुअर्ट क्रॉस यांनी 2000 साली ब्रिटनमधल्या एका किराणा साखळीच्या शाखा तपासल्या, तेव्हा सर्वांत जास्त नफ्याच्या शाखांत कर्मचारी सर्वांत कमी समाधानी सापडले. विचार केला तर यात अशक्य काही नाही. मोठी, गर्दीची शाखा जास्त कमावते आणि माणसांना जास्त पिळते. छोट्या शाखेत काम निवांत, गप्पा होतात, समाधान भरपूर, नफा बेताचा. म्हणून बेळगावची शाखा आणि नंदगडची शाखा यांची तुलना करून समाधान आणि नफ्याचं नातं ठरवू नये. एकाच शाखेत आधी काय होतं, बदल केल्यावर काय झालं, हे बघावं.

शिवाय आधी काय, नंतर काय, हाही गुंता आहेच. बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी 35 कंपन्यांची 8 वर्षांची माहिती 2003 मध्ये मांडली. त्यात समाधानामुळं नफा वाढण्यापेक्षा, कंपनी चांगली चालली म्हणून माणसं समाधानी होण्याचा ओघ जास्त ठळक दिसला. चालत्या दुकानात पगार वेळेवर होतो, बोनस मिळतो, मालकाचा पारा खाली असतो. मन लागायला तेवढं पुष्कळ झालं.

मग यातून हाती काय राहतं? माझं वाचन असं. सगळ्या नफ्यावर मनाचा परिणाम शोधायला गेलं की तो धुरकट होतो, कारण नफ्यात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. पण खाली उतरून बघितलं तर तो लख्ख दिसतो: स्टॉकची नोंद जुळणं, रिकाम्या रॅकची खबर वर जाणं, जुना माल पुढं लागणं, तूट कमी होणं, माणूस टिकणं. मालकानं मोजायचंच असेल तर हे मोजावं. 'तुम्ही खूश आहात का' हा प्रश्न विचारला तर कुठला कर्मचारी मालकासमोर नाही म्हणणार आहे?

येळ्ळूरच्या बाईंना विचारा

राहिली पहिली अट, कामाला अर्थ असण्याची. सीमाभागातल्या दुकानाकडं यासाठी एक भांडवल आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नसते.

सुट्ट्या धान्याच्या विभागात एक बाई उभ्या आहेत असं समजा. येळ्ळूरच्या, घरची भातशेती. गोकाककडची आजी 'जोळद हिट्टू' मागते, तिला ज्वारीच्या पिठाच्या रॅकपाशी नेतात. चंदगडहून आलेल्या जोडप्याशी मराठीत, गोव्याच्या गाडीतून उतरलेल्यांशी मोडक्या कोकणीत, कॅम्पातल्या चाचांशी दखनीत. कुणी बासमतीची पाच किलोची पिशवी उचलली की या विचारतात, "पुलावाला पाहिजे की रोजच्याला? हा नवा आहे, चिकट होतो. पुलावाला ह्या बाजूचा जुना घ्या." पिशवीवर हे छापलेलं नसतं. गिऱ्हाइकाचा पुलाव मोकळा होतो आणि पुढच्या महिन्यात ते या बाईंनाच शोधत येतं. आता याच बाईंना कुणी विचारलं का, की यंदा कुठला तांदूळ मागवू? बहुतेक ठिकाणी खरेदी ठरते वरच्या ऑफिसात, साखळी दुकान असेल तर दूरच्या शहरात. बाईंचं काम ढीग नीट ठेवणं आणि भाव-पाटी पुसणं. दोन वर्षांत त्याही मग 'ती पिशवी तिकडं आहे' एवढंच सांगायला लागतात.

ऑर्डरच्या बाबतीत तर हे ज्ञान थेट पैशाचं आहे. साखळी दुकानांचा संगणक गेल्या वर्षीची याच तारखेची विक्री बघून यंदाचा अंदाज बांधतो. आपले उपास-सण तिथीनं चालतात, त्यामुळं साबुदाणा आणि शेंगदाण्याची तारीख दर वर्षी सरकते. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात निघते, तिचंही तेच. हे निदान पंचांग बघून संगणकाला शिकवता येतं. गावच्या महालक्ष्मी यात्रेचं काय करणार? बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांत ती दहा-दहा, वीस-वीस वर्षांनी भरते. घराघरात पाहुणे-रावळे, लेकी-जावई, आठवडाभर पंगती. गेल्या वर्षीचा आकडा काढला तर तिथं साधी रोजची विक्री दिसणार. हरभराडाळ, गूळ, तेल आणि पत्रावळ्या किती लागणार हे त्या गावातून कामाला येणाऱ्या पोराला पाठ असतं, कारण त्याच्याच घरी यादी चाललेली असते. फ्लोअर मॅनेजरनं ऑर्डरच्या कागदावर त्याच्यासाठी एक रकाना ठेवावा आणि यात्रेच्या महिनाभर आधी तो भरून घ्यावा. शेवटच्या आठवड्यात रविवार पेठेतही हरभराडाळीचा भाव चढलेला असतो.